आधी क्षेम, मग खबर

ओमानमध्ये बिदीयाच्या पलीकडे डांबरी रस्ता संपतो आणि तांबूस वाळूचे डोंगर सुरू होतात. तिथल्या कुठल्याही घरी गेलं की बराच वेळ कामाचं काही बोलायचं नसतं. आत येणारा माणूस बसलेल्यांशी ओळीने हात मिळवत जातो, कुणालाही वगळत नाही. जवळचा असेल तर नाकाला नाक लावतो. सगळे मांडी घालून बसले की यजमानांमधला वडीलधारा विचारतो, काही उलूम? काही खबर? पाहुण्यांमधला वडीलधारा सांगतो, काही नाही, सगळं ठीक, अल्लाची कृपा. तुमच्याकडे? आमच्याकडेही काही नाही. शब्द थोडे इकडेतिकडे फिरवून हेच दोन-तीनदा होतं. बाकीचे गप्प असतात. हा त्या दोघांचा मान असतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही.

एकदा असंच ‘काही नाही, काही नाही’ झालं. खजूर खाऊन झाले, कॉफीचे पेले फिरले, आणि मग त्याच पाहुण्याने सावकाश सांगितलं की आदल्या रात्री त्याच्या चुलत्याच्या गाडीपुढे उंट आडवा आला, गाडीचा चुराडा झाला आणि चुलता इब्रा गावच्या इस्पितळात पाय बांधून पडला आहे. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. मघाशी ‘सगळं ठीक’ म्हणणारा हाच का तो? पण बसलेल्यांपैकी कुणालाच त्यात विसंगती वाटली नाही. सगळं ठीक हा निरोप नव्हता. आम्ही तुमच्याकडे भांडायला आलेलो नाही, आमच्या मागे कुणी लागलेलं नाही, बसून बोलण्याइतकी सवड आहे, एवढंच त्याने सांगितलं होतं.

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत वरच ‘येथील सर्व क्षेम’ असायचं आणि चौथ्या ओळीत बैल गेल्याचं कळायचं, तसंच हे. फरक इतकाच की वाळवंटात खबर ही मालमत्ता होती. पाऊस कुठे पडला, कुठल्या विहिरीचं पाणी खारटलं, कुणाचे उंट कुठल्या बाजूला दिसले, कुठल्या टोळीचं कुणाशी बिनसलं, यातली एक गोष्ट आधी कळणं किंवा न कळणं यावर अख्ख्या कुटुंबाचा उन्हाळा ठरायचा. अशी वस्तू कुणी दारातूनच ओरडून सांगत नाही. आधी समोरचा कोण, कुणाचा, त्याच्या मनात काय, हे पाहून घ्यायचं. विल्फ्रेड थेसिजर हा इंग्रज प्रवासी 1945 ते 1950 या काळात दक्षिण अरबस्तानातल्या भटक्या बदूंबरोबर हिंडला. त्यालाही हा रिवाज लगेच जाणवला होता. वाटेत भेटलेला माणूस खबर विचारल्यावर आधी ‘चांगली’ असंच सांगणार, मग ती कितीही वाईट असो.

आम्ही मस्कतला बरीच वर्षं होतो. मी तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवत होते. नवऱ्याच्या कचेरीतला एक सहकारी बिदीयाचा, वहीबा टोळीतला. त्याच्या आईवडिलांकडे आम्ही हिवाळ्यात जायचो, आणि खजुराच्या दिवसांतही. परदेशी बाई असण्याचा तिथे एक फायदा असतो. पुरुषांच्या बैठकीत मी पाहुणी म्हणून बसू शकत असे आणि नंतर आत बायकांमध्येही. माझ्या नवऱ्याला त्या घराचं अर्धंच दर्शन झालं, असं मी त्याला अजून ऐकवते.

या वाळवंटाला पूर्वी वहीबा वाळू म्हणत, आता सरकारी नकाशांवर शर्किया वाळू आहे. उत्तर-दक्षिण सुमारे 180 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 80, क्षेत्रफळ साडेबारा हजार चौरस किलोमीटर. मोठ्या अरबी वाळवंटांच्या मानाने हे अंगणच म्हणायचं, पण रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने 1985-86 मध्ये इथे शास्त्रज्ञांचा मोठा चमू आणला तो उगाच नाही. एका बाजूला अरबी समुद्र असल्यामुळे पहाटे दव आणि धुकं वाळूत शिरतं, आणि त्या ओलाव्यावर झाडं तग धरतात. वहीबांखेरीज हिक्मान, आमर, जनबा अशा टोळ्यांचीही ही भूमी. जनबांमधले किनाऱ्यालगतचे लोक मासेमारी करतात. वाळूतला माणूस उंट-शेळ्या पाळतो, किनाऱ्यावरचा शार्क आणि सार्डिन वाळवतो, आणि सुकवलेले सार्डिन उंटांना चारा म्हणूनही घालतात. उंटाला मासे? मलाही आधी ही थाप वाटली. एकदा गोणी उघडली तेव्हा वास आला आणि शंका फिटली.

बदू म्हटलं की डोळ्यांपुढे काळा तंबू येतो. तो उत्तरेकडचा, जॉर्डन-सीरियाचा. इथे तसे तंबू नाहीत. खजुराच्या झावळ्यांचं ‘अरीश’ असतं, त्यात वारा खेळतो आणि आत बसलेल्याला बाहेरचं सगळं दिसतं. नाहीतर सरळ झाडाखाली संसार. हे झाड म्हणजे ‘गाफ’. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बारीक पानं, काटे, खडबडीत बुंधा पाहून ओळखीचं वाटलं, आणि ते ओळखीचंच निघालं. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो, गणपतीच्या पत्रीत जी असते, ती शमी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही तेच झाड. इथे तिला कुणी हळदकुंकू वाहत नाही, पण तिच्या फांदीला पाण्याची कातडी पिशवी टांगतात, सावलीला म्हाताऱ्या बसतात, पाला शेळ्या खातात, आणि वाळलेलं लाकूड सोडून हिरवी फांदी तोडणाऱ्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. झाड कुणा एकाचं नसतं, म्हणून ते सगळ्यांनी राखायचं.

आता कॉफी. तिच्यावर इतकं लिहून झालंय की मी टाळणार होते, पण या घराचं तिच्याशिवाय काही सांगताच येत नाही. कॉफीच्या बिया भाजून कुटायच्या, वेलदोडा घालून उकळायच्या, साखर नाही. पितळी ‘दल्ला’ म्हणजे कॉफीची किटली डाव्या हातात, बिनकानाचे छोटे पेले उजव्या हातात. पेल्यात कॉफी तळाला ओतायची, काठोकाठ नाही. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे ‘पिऊन निघा’. पुरे झालं की पेला बोटांत हलकेच हलवून परत द्यायचा, तोवर ओतणारा ओततच राहतो. ओतणारा बहुधा घरातला सर्वांत लहान मुलगा. तो उभा असतो आणि पाहुणे उठेपर्यंत बसत नाही. मी पाहिला तो मुलगा दहा-अकराचा असेल. त्याची नजर पेल्यांवर होती, कान मोठ्यांच्या बोलण्यात. गाव कुणाचं, आजोबा कोण, कुठल्या विहिरीवरून भांडण झालं होतं आणि ते कुणी मिटवलं, हा सगळा अभ्यासक्रम तो दल्ला हातात धरून शिकत होता. शाळेतल्या माझ्या चौथीच्या वर्गात एवढं लक्ष मला क्वचित मिळालं.

जेवणाला मोठं ताट येतं. भाताचा डोंगर, वर मांस. यजमान जेवत नाही. तो फिरत राहतो, चांगला तुकडा तोडून पाहुण्यापुढे सरकवतो, आणि पाहुणे उठल्यावर घरातले जेवतात. शेवटी धुपाटणं येतं. ओमानच्याच धोफारचा लोबान असतो, कधी ऊद. पुरुष दाढीला धूर घेतात, बायका ओढणीला. ते फिरलं की निघायचं, असा संकेत आहे, आणि तो दोन्ही बाजूंना सोयीचा आहे. पाहुण्याला ‘निघतो’ म्हणायला नको आणि यजमानाला ‘निघा’ म्हणायला नको.

या सगळ्याला उदारपणा म्हणायची आपली पद्धत आहे. ‘वाळवंटातली माणसं मनाने किती मोठी!’ असं मस्कतच्या मराठी मंडळींच्या गप्पांत मी शंभरदा ऐकलंय. मला ते अपुरं वाटतं, आणि थोडं अपमानकारकही. मन मोठं असणं ही एखाद्याची प्रकृती झाली. इथे प्रश्न प्रकृतीचा नव्हता. ज्या मुलखात पुढची विहीर दोन दिवसांवर आहे तिथे अनोळखी माणसाला पाणी, खाणं आणि तीन दिवसांचा आसरा देणं हा कायदा होता, आणि तो कंजूष माणसालाही लागू होता. आज मी तुला नाही म्हटलं तर उद्या तुझ्या भावाच्या दारात मला नाही मिळेल, आणि ‘नाही’ याचा अर्थ तिथे मरण होता. म्हणून पाहुण्याला अन्न देणं पुरेसं नाही, तो तुमच्या छपराखाली आहे तोवर त्याचं रक्षण हीही जबाबदारी. त्याच्या शत्रूने त्याला तिथे हात लावला तर अब्रू तुमची गेली. विम्याचे हप्ते भरावेत तसे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या कॉफी ओतत आले. हप्ता भरणाऱ्याला आपण उदार म्हणत नाही, शहाणा म्हणतो.

मग विहिरी आल्या, टँकर आले, फोन आले. कायद्याची गरज संपली, तरी कायदा राहिला. माझ्या मते खरा कौतुकाचा भाग हा आहे. गरजेपोटी केलेलं सोडून देणं सोपं असतं. बऱ्याच गोष्टी त्यांनी सोडल्याही. पण सगळ्या नाही. काय सोडलं आणि काय ठेवलं, हे पाहण्यातच मला रस वाटत गेला.

आतल्या बाजूचं आधी सांगते. तिथली मुख्य व्यक्ती म्हणजे सहकाऱ्याची आई. सगळे तिला ‘अल-वालिदा’ म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. चेहऱ्यावर बुरखा, पण आपण समजतो तो नव्हे. नाकावर मधोमध ताठ कणा असलेला, कपाळ आणि वरचा ओठ झाकणारा मुखवटाच तो. कापड निळीत रंगवून घोटून चकाकी आणलेलं, आणि हे कापड पूर्वापार भारतातून येत आलेलं. घाम आला की निळा रंग गालावर उतरतो. तिने तो काढून एकदा माझ्या हातात दिला. आतून मऊ, बाहेरून पत्र्यासारखा, मधल्या कण्यात बारीक काडी शिवलेली. माझ्या बोटांना लागलेली निळाई तिने आपल्या पदरानेच पुसली आणि म्हणाली, तुमच्याच देशाचा रंग आहे, परत घेऊन जा. बायका हसल्या.

मुखवट्यावरून ही बाई दबलेली असेल असं कुणाला वाटलं तर त्याने तिचा शेळ्यांचा व्यवहार पाहावा. उंट पुरुषांचे, शेळ्या बायकांच्या, अशी ढोबळ वाटणी. शेळी विकायची की नाही, किती रियालांना, हे ती ठरवणार. इब्रात बुधवारी बायकांचा बाजार भरतो. तिथे बायका बायकांसाठी कापड, अत्तर, सुरमा, मुखवटे, विणलेले पट्टे विकतात. अल-वालिदा पिकअप स्वतः चालवत वाळूतून यायची. टायरातली हवा कमी करून टेकडी कशी चढायची, हे तिला आमच्या अहोंपेक्षा चांगलं कळायचं. परवाना आहे का, असं मी विचारलं. वाळूत पोलीस कुठे, असं तिने विचारलं.

तिच्या पेटीत चांदीचे जाडजूड दागिने होते. जुने दागिने मारिया तेरेसाच्या ऑस्ट्रियन थेलर नाण्यांतून घडलेले. आतल्या भागात तेच नाणं चालायचं, आणि किनाऱ्यावर आपला रुपया. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळा रुपयाही काढला होता आणि ओमानमध्ये तो 1970 पर्यंत चालला. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पैशांसाठी ‘बैसा’ हा शब्द आहेच, तो आज रियालाच्या हजाराव्या भागाचं अधिकृत नाव आहे. सुनांना मात्र चांदी नको, सोनं हवं. अल-वालिदाला त्याचं दुःख नव्हतं. चांदी जड असते, असं तिने सांगितलं.

लग्नं शक्यतो चुलत घरात. काकाच्या मुलीवर पुतण्याचा पहिला हक्क. आपल्याकडे मामाची मुलगी चालते आणि काकाची मुलगी सख्ख्या बहिणीसारखी, हे मी सांगितलं तेव्हा आतल्या सगळ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. मामाची मुलगी म्हणजे दुसऱ्या घराची! मग उंट, विहीर, खजुराची झाडं सगळं बाहेर जाणार नाही का? मी म्हटलं, आमच्याकडे मुलींना विहीर देतच नव्हते. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. इस्लामी कायद्याने मुलीला भावाच्या निम्मा वाटा मिळतो, आणि आपल्याकडे मुलीला समान वारसाहक्क मिळायला किती कायदे लागले हे मला तिथे बसून मोजावंसं वाटेना.

खजुराचे दिवस ही त्यांच्या ऋतुचक्राची दुसरी बाजू. जून उजाडला की वाळू तापते. मग कुटुंबं बिदीयाच्या आसपासच्या बागांत उतरतात. हे नुसतं उन्हापासून पळणं नाही. तिथे काम असतं. बागायतदार आणि बदू यांचं नातं जुनं आहे. एकाकडे पाणी आणि झाडं, दुसऱ्याकडे मांस, दूध आणि माल वाहणारे उंट. बागांचं पाणी ‘फलज’चं, म्हणजे डोंगराच्या पोटातून उताराने आणलेल्या पाटाचं. घटका मोजून पाणी वाटून घ्यायची ती पद्धत. ओमानचे असे पाच फलज 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

त्या दिवसांत एक खास काम चालतं, ‘तबसील’. मबसली जातीचे खजूर पिवळे असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात, चाळणीने उपसून उन्हात पसरतात. भट्टीला झावळ्या आणि जुनी खोडं. उकळत्या कढईतून निघणारा वास गोड आणि थोडा धुरकट. आमच्यापुढे बायका मोठाल्या झाऱ्यांनी खजूर उपसत होत्या, घामाने बुरख्याचा रंग मानेपर्यंत उतरलेला, आणि पोरं वाळत घातलेल्या खजुरांवरून अनवाणी पळत होती. वाळल्यावर तो खजूर सुरकुततो, कडक होतो, वर्ष-दोन वर्षं टिकतो. मी एक उचलून दाताखाली धरला आणि ती खारीक होती. आपल्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात कुटून घालतात ती खारीक. हा माल पूर्वापार गलबतांतून हिंदुस्थानात येत असे, आणि आजही मोठा ग्राहक भारतच. माझ्या आजीच्या पितळी डब्यातली खारीक कुठून यायची, याचा विचार घरात कुणी कधी केला नव्हता. वाण्याकडून यायची. वाण्याकडे कुठून, तर ‘अरबस्तानातून’, आणि तिथे विषय संपायचा. ती उपसणाऱ्या बाईचे हात मी पाहीन असं मला वाटलं नव्हतं.

उंटांबद्दल थोडक्यात. वाळूतला माणूस पावलांच्या ठशावरून उंट ओळखतो. वाळवंटात वाढलेल्या उंटाच्या तळव्याची कातडी सैल, सालपटं सुटलेली असते, खडकाळ माळावरच्या उंटाचा तळवा घासून गुळगुळीत झालेला. ठसा खोल की उथळ, त्यावरून सांडणी गाभण आहे का, तेही सांगतात. दूध काढताना एका पायावर उभं राहून दुसऱ्या मांडीवर भांडं तोलतात. फेसाळ, किंचित खारट, कोमट. हे सगळं अजून आहे, पण उंटाचं काम बदललं. त्याच्यावर आता कुणी प्रवास करत नाही. तो पिकअपच्या मागच्या हौद्यात गुडघे दुमडून बसतो आणि शर्यतीला जातो. शर्यतीत त्याच्या पाठीवर छोटं यंत्र असतं, मालक बाजूने गाडी पळवत दूरनियंत्रकाने त्याचा चाबूक फिरवतो. पूर्वी तिथे लहान मुलं बांधत, अनेकदा दक्षिण आशियातून आणलेली. आखाती देशांनी 2005च्या सुमारास ते बंद करायला घेतलं. यंत्राला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

थेसिजर 1977 मध्ये पुन्हा ओमानला गेला आणि बदललेला देश पाहून हताश झाला. तेलाने आणि मोटारींनी त्याचं वाळवंट नासलं, असं त्याचं मत. त्या भटकंतीवरचं त्याचं पुस्तक थोर आहे, पण या बाबतीत मी त्याच्या बाजूची नाही. सुलतान काबूस 1970च्या जुलैमध्ये गादीवर आले तेव्हा देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता आणि शाळा तीन. अल-वालिदाची दोन मुलं त्याआधी तापाने गेली होती. तिने ते ‘काही खबर नाही’ म्हणावं तितक्याच सपाट आवाजात सांगितलं. इंग्लंडला परत जाण्याची सोय असलेल्या माणसाला उपासमार उदात्त वाटू शकते. ज्याला ती रोजची होती त्याने पिकअप आल्याबरोबर उंटावरून उडी मारली, आणि त्यात गमावल्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

दुसऱ्या टोकाला युनेस्कोची अमूर्त वारशाची यादी आहे. उंटावर बसून गायची ‘तगरूदा’ 2012 मध्ये यादीत गेली, अरबी कॉफी आणि ‘मजलिस’ म्हणजे बैठक 2015 मध्ये. त्याने काही वाईट होत नाही. पण उंटाच्या चालीवर, पुढचे गाणार आणि मागचे उचलणार अशी रचलेली चार-सहा ओळींची तगरूदा आता मंचावर माइकपुढे म्हणतात, आणि चाल धरणारा उंट बाहेर गाडीत बसलेला असतो. सहकाऱ्याच्या वडिलांना मी याबद्दल विचारलं. त्यांनी विचारलं, माइक असला म्हणून काय झालं, म्हणणारा चांगला होता का?

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते, आणि ती न सांगता हा लेख लिहिणं बरोबर होणार नाही. या घरचे उंट आता घरचे लोक चारत नाहीत. मुलगे कचेरीत, पोलिसात, सैन्यात. उंटांमागे पगारी राखणदार असतो, आणि तो बहुधा आपल्या बाजूचा असतो. पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय, कधी सुदानी. मला भेटलेला राजस्थानातल्या शेखावाटीतला होता. गाफच्या झाडाला तो खेजडी म्हणायचा आणि तिच्या शेंगांची भाजी होते, हे त्याने मला सांगितलं. शमी, गाफ, खेजडी. त्या झाडाखाली त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त वेळ तोच बसायचा.

त्याला उंटांची नावं, दुखणी, खोड्या पाठ होत्या. अरबी फाडफाड. उलूम-खबरचा रिवाज तो बदूइतक्याच झोकात करायचा. जेवायला तेच, भातावर मांस, पण त्याचं ताट वेगळं जायचं, नंतर. कुणी त्याला वाईट वागवत नव्हतं. अल-वालिदा त्याच्या खोकल्यावर काढा द्यायची. पण तो पाहुणा नव्हता. पाहुण्याला तीन दिवस आसरा देणारा कायदा, आठ वर्षं घरात राहणाऱ्याला लागू होत नव्हता. परदेशी कामगाराला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय ओमानमध्ये दुसरी नोकरी धरता येत नसे, ही अट 2021च्या सुरुवातीला गेली. कागदावर गेली म्हणून वाळूतल्या राखणदाराला ती लगेच कळते असं नाही. बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम’ या मल्याळम कादंबरीत सौदीतल्या अशाच एका राखणदाराचे हाल आहेत. इथे तसलं काही नव्हतं, आणि तरीही दोन माणसांमधली ती रेघ मला प्रत्येक वेळी दिसायची. आतिथ्य हे बरोबरीच्यांमधलं देणंघेणं आहे. आज तू, उद्या मी. ज्याच्या दारात आपल्याला कधीच जावं लागणार नाही, तो त्या हिशेबात बसत नाही. मस्कतच्या आमच्या सोसायटीतही सफाईवाल्याला कुणी चहा विचारत नव्हतं, तेव्हा बोट दाखवायचा अधिकार मला फारसा नाही. पण दिसतं ते दिसतं.

आम्ही परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात घरात एक वाद चालू होता. धाकट्या मुलाला पर्यटकांसाठी तळ उभारायचा होता. झावळ्यांच्या खोल्या, मागे न्हाणीघर, संध्याकाळी उंटावरून फेरी, रात्री शेकोटी. आजूबाजूला असे तळ झालेच होते. वडील विरोध करतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण परक्या माणसांना वाळू दाखवून पैसे घेण्याला त्यांची हरकत नव्हती. वाटाड्याचे पैसे बदूंनी नेहमीच घेतले. थेसिजरकडूनही घेतले. त्यांचं अडलं एकाच ठिकाणी. मुलाने छापून आणलेल्या कागदावर लिहिलं होतं, खोली सकाळी अकराला रिकामी करावी.

आलेल्या माणसाला कधी जायचं ते सांगायचं? आणि तेही तो यायच्या आधी, लिहून? त्यांनी ते दोन-तीनदा वाचून घेतलं, कारण त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मुलगा म्हणाला, बाबा, ते पाहुणे नाहीत, गिऱ्हाइकं आहेत. वडील म्हणाले, माझ्या छपराखाली कॉफी प्यायला की तो पाहुणा. मुलगा म्हणाला, मग मी तिथे छप्पर वेगळं घालतो. यावर बरेच दिवस घासाघीस झाली. शेवटी तळ घरापासून दोन टेकड्या पलीकडे उभा राहिला, कॉफी फुकट ठेवली आणि खोलीचं भाडं घेतलं. अकराची पाटी मुलाने दारावर लावलीच. वडील रोज सकाळी पिकअपने तिकडे जातात, दल्ला घेऊन बसतात आणि निघायच्या तयारीत असलेल्या जर्मन जोडप्यांना पुन्हा खाली बसवतात. पाटी आपल्याला वाचता येत नाही, असं ते मुलाला सांगतात. महिनाअखेरीचा आकडा मात्र त्यांना बरोबर वाचता येतो, अशी अल-वालिदाची तक्रार आहे.